अंतरपाट एकदाच दूर होतो: लग्नाची फोटोग्राफी, पायरी पायरीने

लग्नातला विधी फोटोसाठी पुन्हा करता येत नाही. हार पुन्हा घालायला लावता येतात, पण अंतरपाट दूर होताना दोघांनी एकमेकांकडे टाकलेली पहिली नजर पुन्हा मिळत नाही. म्हणून लग्नाचे फोटो चांगले येणार की नाही, हे बरंचसं मुहूर्ताच्या आधीच ठरलेलं असतं. फोटोग्राफरला विधींचा क्रम किती ठाऊक आहे आणि घरच्यांनी आपली माणसं त्याला किती नीट सांगितली आहेत, या दोन गोष्टींवर ते ठरतं. महागडा कॅमेरा त्यानंतर येतो.

ही कृती या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांसाठी आहे, आणि घरात लग्न ठरलेल्यांसाठीही. प्रत्येक पायरीत आधी फोटोग्राफरचं काम सांगितलं आहे आणि जिथे गरज आहे तिथे यजमानांनी काय करावं, काय अपेक्षा ठेवावी, हेही दिलं आहे. नमुना म्हणून मंगल कार्यालयातलं लग्न धरलं आहे. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन, दुसऱ्या दिवशी दुपारचा मुहूर्त, संध्याकाळी स्वागत समारंभ आणि मग गृहप्रवेश.

पायरी १: पहिली भेट माणसं समजून घेण्यासाठी

तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि चांगल्या तारखांना एकाच दिवशी गावात अनेक लग्नं असतात. त्यामुळे कार्यालय ठरल्याबरोबर फोटोग्राफरची भेट घ्यावी. या भेटीत फोटोग्राफरने आपले सगळ्यांत सुंदर वीस फोटो दाखवून थांबू नये. एका लग्नाचा पहिल्यापासून शेवटपर्यंतचा पूर्ण संच दाखवावा. निवडक वीस फोटो वेगवेगळ्या लग्नांतून जमवता येतात. भर दुपारी, गर्दीत, कमी उजेडाच्या सभागृहात हा माणूस दिवसभर काम कसं करतो, ते पूर्ण संचातूनच कळतं.

मग प्रश्न विचारावेत. कोणकोणते विधी होणार? हळद कुठे, किती वाजता? घरात चालता न येणारं, गर्दीचा त्रास होणारं कोणी आहे का? आई किंवा वडील हयात नसतील तर त्यांच्या जागी विधीला कोण बसणार? दोन्ही घरांत एकमेकांशेजारी उभं राहू नये असं कोणी आहे का? असे प्रश्न विचारताना संकोच वाटतो, पण ऐन मांडवात कोणाचं मन दुखावण्यापेक्षा ते आधी विचारलेले बरे.

*यजमानांसाठी:* प्रत्यक्ष तुमच्या लग्नाला येणारा माणूस कोण, हे स्पष्ट विचारा. मोठ्या स्टुडिओत ठरवताना एक भेटतो आणि लग्नाला दुसराच येतो. येणाऱ्या माणसाचं काम बघा आणि त्याच्याशी बोला.

पायरी २: सगळं कागदावर

ओळखीतल्या माणसाला काम दिलं तरी लेखी कागद करावा. त्यात पुढच्या गोष्टी असाव्यात:

- कोणते दिवस, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि वेळ वाढल्यास तासाचा दर.
- किती माणसं येणार. विधी आणि समूह फोटो काढणारा एक, कँडिड काढणारा एक, व्हिडिओसाठी एक, अशी किमान तिघांची टोळी मोठ्या लग्नाला लागते.
- किती फोटो रंग-उजेड सुधारून मिळणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि ते पेनड्राइव्हवर की ऑनलाइन गॅलरीत.
- अल्बम किती, शीटची मापं आणि संख्या, जादा शीटचा दर.
- व्हिडिओ: छोटा टीझर, पूर्ण लग्नाची फिल्म की दोन्ही, आणि बदल किती वेळा करून मिळणार.
- प्रवास, मुक्काम, जेवण कोणाकडे.
- पैसे: विसार किती, लग्नाच्या दिवशी किती, अल्बम हातात आल्यावर किती. फोटोग्राफर जीएसटीत नोंदलेला असेल तर १८ टक्के कर धरून की वगळून.
- सुतक, आजारपण किंवा अन्य कारणाने तारीख पुढे गेली तर विसाराचं काय, आणि फोटोग्राफरच आजारी पडला तर त्याच्या जागी कोण.

एक मुद्दा बहुतेक कागदांत राहून जातो. भारताच्या कॉपीराइट कायद्यानुसार (१९५७) पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो आपल्या जाहिरातीसाठी वापरायचे असतील तर फोटोग्राफरने तशी लेखी परवानगी घेतली पाहिजे. अनेक देशांत याच्या उलट नियम आहे, म्हणून इंटरनेटवरून उतरवलेला परदेशी कराराचा मसुदा इथे जसाच्या तसा वापरू नये.

*यजमानांसाठी:* फोटो समाजमाध्यमांवर टाकायला तुमची हरकत असेल तर ती आत्ताच सांगा. लहान मुलांचे, हळदीतले, तयार होतानाचे फोटो बाहेर जाऊ नयेत, एवढी अटही पुरेशी असते. चांगला फोटोग्राफर त्यासाठी जादा पैसे मागणार नाही.

पायरी ३: त्या घरचे विधी शिकून घेणं

महाराष्ट्रात विधी घरागणिक बदलतात. देवक कोणाचं आंब्याच्या डहाळ्यांचं, कोणाचं पंचपल्लवांचं असतं. कोणाकडे घाणा भरतात, कोणाकडे नाही. गुरुजींना आठवडाभर आधी फोन करून त्या दिवसाचा क्रम लिहून घ्यावा आणि त्यासमोर अंदाजे वेळा मांडाव्यात. गुरुजींशी आधी बोलणं झालेलं असलं की मांडवात ते फोटोग्राफरला अर्धं पाऊल जागा देतात, आणि त्या अर्ध्या पावलाने फोटो बदलतो.

प्रत्येक पद्धतीत मुख्य क्षण कुठला हे ओळखावं लागतं. वैदिक पद्धतीत अंतरपाट, कन्यादान आणि सप्तपदी. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना करून रूढ केलेल्या सत्यशोधक विवाहात पुरोहित नसतो. तिथे वधूवर स्वतः एकमेकांना वचन देतात, त्यामुळे बोलणारे ओठ आणि ऐकणारा चेहरा महत्त्वाचा. बौद्ध विवाहात भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेला वंदन, त्रिशरण-पंचशील आणि प्रतिज्ञा हा गाभा असतो. विशेष विवाह कायद्याने (१९५४) होणाऱ्या लग्नात निबंधकासमोर वधूवर आणि तीन साक्षीदार सही करतात. सोहळा काही मिनिटांचाच, म्हणून सहीचा हात, पेन थांबल्यावरची नजर आणि साक्षीदारांचे चेहरे यांत तो टिपायचा. पद्धत कोणतीही असो, तिला सारखाच आदर आणि सारखीच तयारी मिळाली पाहिजे.

पायरी ४: साहित्य

- कॅमेरे दोन. एक बिघडला तर दुसरा, आणि लेन्स बदलत बसण्याचा वेळ वाचतो.
- लेन्स: २४–७० मिमी आणि ७०–२०० मिमी, शक्यतो एफ २.८ च्या. कमी उजेडासाठी ३५ किंवा ८५ मिमीची एफ १.८.
- दोन फ्लॅश, त्यांना लावायचे नारिंगी जेल, छोटी छत्री किंवा सॉफ्टबॉक्स.
- एकाच वेळी दोन कार्डांवर लिहिणारा कॅमेरा असावा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या साधारण दोन हजार रॉ फाइल ६४ जीबीच्या कार्डात बसतात. कार्डांना क्रमांक घालावेत.
- बॅटऱ्या मोजून दुप्पट, चार्जर, एक्स्टेन्शन बोर्ड.
- मऊ कापड, छोटी कात्री, सेफ्टी पिना, सुई-दोरा. पिनेची गरज कोणालातरी पडतेच.
- अंगावर साधे, गडद, वाकता येतील असे कपडे. मांडवात अनवाणी जावं लागतं, म्हणून मोजे स्वच्छ.

आदल्या रात्री सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं एकसारखी करावीत. तीन कॅमेऱ्यांचे हजारो फोटो नंतर वेळेनुसार लावायचे असतात. एकाचं घड्याळ सात मिनिटं पुढे असेल तर कन्यादानाच्या मध्येच सप्तपदी येते.

ड्रोन आणायचा असेल तर जागा आधी डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर तपासावी. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळांजवळ आणि लष्करी भागांत मात्र निर्बंध कडक आहेत. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा तळ आहे, त्यामुळे त्या बाजूच्या लॉनवर ‘एकच मिनिट उडवतो’ असं चालत नाही. डोक्यावरून, होमावरून, घोड्यावरून ड्रोन कधीच नेऊ नये.

पायरी ५: कार्यालय आधी बघून येणं

मुहूर्त ज्या वेळी आहे त्याच वेळी जावं. दुपारी साडेबाराला खिडकीतून ऊन कुठे पडतं, बोहल्याच्या मागे झगझगीत एलईडी पडदा आहे का, वधूच्या खोलीत उजेड कुठून येतो, वर गॅलरी आहे का, हे पाहून ठेवावं. वधू गौरीहराला कुठल्या खोलीत बसणार हे विचारून ठेवावं.

दिव्यांचा एक त्रास आधीच तपासून घ्यावा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे स्वस्त एलईडी आणि ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण फोटोत आडवे पट्टे येतात. शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवलं, किंवा कॅमेऱ्यातली अँटी-फ्लिकर सोय चालू केली की बहुतेक वेळा पट्टे जातात. पिवळ्या हॅलोजनचा रंग ३२०० केल्व्हिनच्या आसपास असतो आणि फ्लॅशचा ५५०० च्या. फ्लॅशला नारिंगी जेल लावलं नाही तर चेहरा निळसर आणि मागचा मांडव पिवळा दिसतो.

*यजमानांसाठी:* सजावट करणाऱ्याला एक गोष्ट आवर्जून सांगा: विधींच्या वेळी बोहल्यावर जांभळे, गुलाबी, रंग बदलणारे दिवे नकोत. ते चेहऱ्यावर पडले की नंतर कितीही दुरुस्त केलं तरी त्वचेचा रंग परत येत नाही. संध्याकाळच्या स्वागत समारंभाला हवे तेवढे लावा.

पायरी ६: आदला दिवस

रुखवताचे फोटो गर्दी व्हायच्या आत काढावेत. त्यात आईने, मावशीने, आजीने महिनोन्‌महिने केलेलं भरतकाम, विणकाम, रांगोळीची ताटं असतात. प्रत्येक वस्तूचा स्वतंत्र फोटो आणि ती करणाऱ्या बाईचा त्या वस्तूसोबतचा एक फोटो, हे ठरवून करावं. रुखवत दुसऱ्या दिवशी खोक्यांत बंद होतं आणि करणारीचं नाव मागे राहत नाही. फोटोत ते राहतं.

हळद आधी वराला लागते आणि तीच उष्टी हळद वधूकडे जाते. फोटोग्राफरची माणसं दोन असतील तर एकाने वराकडून हळद घेऊन निघणाऱ्यांबरोबरच जावं. हळदीत पिवळा रंग इतका असतो की ऑटो व्हाइट बॅलन्स फसतो आणि कॅमेरा चेहरा निळ्याकडे ढकलतो. केल्व्हिन हाताने ठरवावं. कपडे भिजलेले असताना, पदर सरकलेला असताना फोटो काढू नये, आणि निघालाच तर तो निवडीआधी काढून टाकावा. वधूच्या खोलीत काम करायला टोळीत एक बाई असावी. ती नसेल तर पुरुष फोटोग्राफरने दार वाजवून, विचारून आत जावं आणि पोझ देताना हात लावू नये, शब्दांनी सांगावं.

सीमांतपूजनात वधूचे आईवडील वराचे पाय धुऊन पूजा करतात. इथे कॅमेरा वराच्या चेहऱ्यावर खिळतो, पण खरा फोटो बहुधा वधूच्या वडिलांचा असतो. खाली बसून, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर जाऊन काढावा.

पायरी ७: मुहूर्त

सकाळी पुण्याहवाचन आणि देवक बसवणं होतं तेव्हा कार्यालयात घरचीच माणसं असतात. उजेड मऊ असतो, आणि आईवडील मुलीशेजारी निवांत बसलेले दिवसभरात बहुधा एवढ्याच वेळी मिळतात. उशिरा येणारा फोटोग्राफर हे सगळं गमावतो.

मग वधू मामाकडची पिवळी अष्टपुत्री नेसून गौरीहराला बसते. तिला एकटी राहू द्यावं. खिडकीच्या उजेडात, लांबच्या लेन्सने, फ्लॅश न वापरता चार-पाच फोटो काढून बाहेर यावं.

मुहूर्ताची वेळ पत्रिकेत मिनिटापर्यंत छापलेली असते आणि मंगलाष्टकं किती म्हणायची हे गुरुजी त्या मिनिटावर ठरवतात. मुहूर्ताच्या पंधरा मिनिटं आधी जागा पक्की करावी, नवं कार्ड आणि भरलेली बॅटरी घालावी. उभं राहायची जागा अशी:

- पहिला फोटोग्राफर अंतरपाटाच्या कडेला, कापडाच्या रेषेत. इथून एका चौकटीत दोन्ही चेहरे येतात आणि मध्ये फक्त कापड.
- दुसरा वराच्या खांद्यामागून तिरका, वधूच्या चेहऱ्यावर. मामा तिला बोहल्यावर आणतो तेही इथून मिळतं. मागे दिवा आणि कलश घेऊन उभ्या असलेल्या करवल्या चौकटीत घ्याव्यात.
- तिसरा, व्हिडिओवाला, गॅलरीत किंवा स्टुलावर, सगळा मांडव दिसेल असा.

अंतरपाटाच्या दोन बाजूंना तिघांचीच गर्दी होते, म्हणून कोण कधी हलणार हे आधी ठरवून घ्यावं. अक्षतांचा वर्षाव प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी होतो. पहिल्या दोन मंगलाष्टकांत शटर जुळवून पाहावं. अक्षता हवेत थांबलेल्या हव्यात तर १/२५० किंवा वेगवान शटर, आणि दिव्यांनी पट्टे येत असतील तर १/१०० वर राहून अक्षतांच्या रेघा स्वीकाराव्यात. शेवटच्या मंगलाष्टकाला एका फटक्यात सलग फोटो घेणं चालू करावं, आणि अंतरपाट दूर होताच अक्षतांकडे न पाहता चेहऱ्यांवर राहावं. वधू आधी हार घालते. ती हात उंचावते तेव्हा तिच्याच हाताने चेहरा झाकला जातो, म्हणून पहिल्या फोटोग्राफरने अर्धं पाऊल तिच्या बाजूला सरकून ठेवावं.

*यजमानांसाठी:* मोबाइल उंचावलेले हात हा आज मुहूर्ताच्या फोटोंतला सगळ्यांत मोठा अडथळा आहे. घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने माइकवरून दोन वाक्यांत विनंती करावी: अक्षता पडेपर्यंत मोबाइल खाली ठेवा, फोटो सगळ्यांना मिळतील. ही विनंती फोटोग्राफरने केली तर लोकांना राग येतो. घरच्यांनी केली तर ऐकतात.

पायरी ८: मुहूर्तानंतरचे विधी

मुहूर्त झाला की पाहुणे जेवायला वळतात आणि बोहल्यावर खरं लग्न सुरू होतं. फोटोग्राफरला इथे थकून चालत नाही.

*कन्यादान.* वडिलांच्या, मुलीच्या आणि जावयाच्या ओंजळीतून पाण्याची धार जाते. हात जवळून घ्यावेत, आणि लगेच नजर वर करून आईचा चेहरा.

*मंगळसूत्र.* वराची मान खाली असते, वधूचीही. समोरून, खालच्या उंचीवरून काढलं तरच डोळे दिसतात.

*लाजाहोम.* वधूचा भाऊ तिच्या हातात लाह्या देतो. धूर फोटोग्राफरच्या दिशेने येत असेल तर फ्लॅश बंद करावा, नाहीतर धुराचा पांढरा पडदाच तेवढा दिसतो. ज्वाळेचा उजेड पुरतो, आयएसओ ३२०० किंवा ६४०० पर्यंत न्यायला घाबरू नये. थोडा दाणेदार पण जिवंत फोटो फ्लॅशने सपाट केलेल्या फोटोपेक्षा कितीतरी चांगला.

*कानपिळी.* दोन सेकंदांचं काम. वधूचा भाऊ उठला की कॅमेरा वर हवा.

*सप्तपदी.* तांदळाच्या सात राशींवरून जाणारी पावलं. एकाने जमिनीलगत राहून पावलं घ्यावीत, दुसऱ्याने पूर्ण उंचीने दोघं.

*सूनमुख.* सासू आरशात सुनेचा चेहरा पाहते. आरशातला चेहरा आणि सासूचा चेहरा एका चौकटीत आणायचा तर सासूच्या खांद्यामागून तिरकं उभं राहावं, आणि फ्लॅश आरशाकडे जाऊ देऊ नये.

*झाल.* दिवे लावलेली वेळूची टोपली वरपक्षाच्या माणसांच्या डोक्यावर टेकवत नेतात. दिव्यांचा उजेड वरून चेहऱ्यांवर पडतो, म्हणून आसपासचे दिवे मंद करायला सांगता आले तर सांगावं.

विधी चालू असताना ‘गुरुजी, जरा थांबा, इकडे बघा’ असं म्हणू नये. विधी त्या दोघांचा आहे. नजर चुकली तर चुकली, पुढचा क्षण येतोच आहे.

पायरी ९: माणसांचे फोटो आणि पंगत

समूह फोटोंची यादी घरच्यांनी आठवडाभर आधी द्यावी आणि प्रत्येक बाजूने एक माणूस नेमावा, ज्याला आत्या, मावशा, चुलत-मामे भावंडं चेहऱ्याने ओळखतात. यादी वीस-पंचवीस गटांपुरती ठेवली तर ती तासाभरात होते. आजी-आजोबांचे फोटो आधी काढावेत. त्यांना बोहल्यावर चढवू नये, वधूवरांनी त्यांच्या खुर्चीपाशी यावं.

प्रत्येक वयस्कर माणसाचा एकट्याचा फोटो मी दर लग्नात काढतो, कोणी सांगितला नसला तरी. नीट उजेडात, चष्मा सरळ, निवांत बसलेला. अनेक घरांत वडीलधाऱ्यांचा शेवटचा चांगला फोटो कोणाच्यातरी लग्नातलाच असतो, आणि पुढे भिंतीवर तोच लागतो. तो दहा माणसांच्या गर्दीतून कापून काढावा लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

पंगतीत उखाणे, एकमेकांना घास भरवणं, विहिणींची पंगत हे सगळं टिपावं. तोंडात घास असलेल्या पाहुण्यांचे फोटो मात्र टाळावेत.

*यजमानांसाठी:* फोटोग्राफरच्या टोळीचं जेवण आधी केटररला सांगून ठेवा. विधी संपल्यावर आणि समूह फोटोंच्या आधी त्यांना वीस मिनिटं मिळाली तर संध्याकाळपर्यंत त्यांचे हात आणि लक्ष दोन्ही स्थिर राहतात.

पायरी १०: पाठवणी आणि गृहप्रवेश

पाठवणीला लांब उभं राहावं. लांबच्या लेन्सने, फ्लॅश न मारता. रडणाऱ्या चेहऱ्यासमोर कॅमेरा नेऊन धरणं हे माझ्या मते या कामातलं सगळ्यांत मोठं असभ्य वर्तन आहे. बहुतेक टोळ्या इथे सामान आवरतात. कागदात गृहप्रवेश असेल तर एकाने वधूवरांच्या आधी वराच्या घरी पोचावं. उंबऱ्यावरचं माप ओलांडणं, लक्ष्मीपूजन, तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं नाव, हे सगळं अर्ध्या तासात होतं. खोल्या लहान असतात, म्हणून ३५ मिमीची लेन्स आणि छताकडे वळवलेला फ्लॅश.

पायरी ११: त्याच रात्री प्रती

घरी आल्यावर झोपायच्या आधी सगळी कार्डं दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवावीत. एक डिस्क घरी, दुसरी दुसऱ्या जागी. फोटो यजमानांच्या हातात पडेपर्यंत कार्डं पुसू नयेत, आणि रॉ फाइल किमान वर्षभर सांभाळाव्यात. हरवलेला फोटो पैसे परत देऊन भरून येत नाही.

पायरी १२: निवड आणि रंग

दोन-तीन दिवसांत वीस-तीस फोटो द्यावेत. घरच्यांना ते नातेवाइकांना पाठवायचे असतात, आणि विवाह नोंदणीच्या अर्जाला लग्नपत्रिकेसोबत लग्नातला फोटो सहसा मागतात. उरलेल्यांतून डोळे मिटलेले, पुन्हा-पुन्हा आलेले, कोणाला लाज वाटेल असे फोटो काढून टाकावेत. हजारोंतून सातआठशे चांगले उरले तर ते भरपूर आहे.

रंग सुधारताना त्वचा गोरी करू नये. सावळी मुलगी त्या दिवशी जशी दिसत होती तशीच फोटोत दिसली पाहिजे. तिचा रंग पुसून टाकलेला फोटो तिचा राहत नाही. घरच्यांनी आग्रह केला तरी नम्रपणे नकार द्यावा आणि दोन फोटो शेजारी ठेवून दाखवावेत. मुरूम, ओरखडा तात्पुरता असतो, तो काढावा. तीळ, व्रण, सुरकुत्या माणसाच्या असतात, त्या ठेवाव्यात.

*यजमानांसाठी:* सगळे रॉ फोटो मागू नका. ते अर्धवट काम असतं आणि उघडायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. पूर्ण झालेल्या फोटोंची मोठी जेपेग फाइल मात्र हक्काने मागा. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो आकसलेला असतो, तो छापायला देऊ नका.

पायरी १३: अल्बम आणि सुपूर्दगी

अल्बम रखडतो तो बहुतेक वेळा निवडीपाशी. सातआठशेंतून शंभर-दीडशे फोटो निवडताना दोन्ही घरं थांबतात, आणि सहा महिने निघून जातात. म्हणून कागदातच तारीख घालावी: फोटो मिळाल्यावर इतक्या दिवसांत निवड, निवडीनंतर इतक्या दिवसांत मांडणी, एक फेरी बदल, मग छपाई. निवड वधूवरांनी करावी आणि मोठ्यांकडून फक्त ‘कोणी राहिलं का’ एवढंच विचारावं.

करिझ्मा अल्बमची उघडलेली शीट साधारण १२ बाय ३६ इंचांची असते. त्यावर तीन-चार फोटो पुरे. मागे ढग, गुलाब, इंग्रजी सुविचार घालू नयेत. छापण्याआधी प्रत्येक पान दोघांनी वाचून बघावं: नावांचं शुद्धलेखन, तारीख, आणि शीटच्या घडीत कोणाचा चेहरा तर जात नाही ना.

अल्बम देताना सगळ्या फाइलींचा एक पेनड्राइव्ह द्यावा, आणि त्या आणखी एका ठिकाणी उतरवून घ्यायला यजमानांना तिथेच सांगावं. उरलेले पैसे त्याच वेळी घ्यावेत, पावती द्यावी. कागदात लिहिलेलं प्रत्येक कलम दोघांनी मिळून एकदा वाचावं: काय ठरलं होतं, काय मिळालं. काही कमी असेल तर ते त्याच बैठकीत लिहून घ्यावं आणि तारीख घालावी. एवढं केलं की यजमान पुढच्या लग्नाला त्याच फोटोग्राफरला बोलावतात. तोवर त्याला त्या घरातली माणसं ठाऊक झालेली असतात, आणि पायरी १ चं अर्धं काम झालेलं असतं.